छाट

मागच्या श्रावणात ओळखीच्या एका दिवाळी अंकवाल्याचा फोन आला, म्हणाला सोलापूरच्या गिरणीवर काहीतरी लिहून द्या, दोन हजार शब्द, गणपतीच्या आत. मी लगेच हो म्हणलो. आजोबा जुन्या गिरणीत साचाखात्यात, म्हणजे मागांवर होते, त्यांचा कोट-टोपीतला फोटो अजून आमच्या पुढच्या खोलीत आहे, गिरणीच्या गोष्टी ऐकतच मोठा झालो, अजून काय पाहिजे. तीन रात्रीत लेख झाला. तिसऱ्या रात्री दीड वाजता शेवटचं वाक्य टाइप केलं आणि माझ्याच डोळ्यात पाणी आलं. आता वाटतं की तेव्हाच संशय यायला पाहिजे होता. पण तेव्हा वाटलं, झकास जमलंय, आणि बायकोला उठवून वाचून दाखवायचं फक्त बाकी ठेवलं, ते एक बरं केलं.

आमचा चार-पाच जणांचा कंपू आहे. लिहिणाऱ्यांचा म्हणवत नाही, कारण त्यातले दोघं वर्षातून एकदा काहीतरी लिहितात आणि एक तर फक्त ऐकायला येतो. बँकेतून रिटायर झालेले एक काका आहेत, शाळेत मराठी शिकवणाऱ्या एक बाई आहेत, इंजिनिअरिंगचं एक पोरगं आहे जे कविता करतं आणि कुणाला सांगत नाही, आणि माझा शाळेपासूनचा दोस्त, ज्याचा अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत टॉवेलचा कारखाना आहे, घरात तेलुगू, धंद्यात हिंदी, आमच्याशी मराठी. रविवारी संध्याकाळी बाईंच्या गच्चीवर जमतो. काका कधीकधी आम्हाला रविकिरण मंडळ म्हणतात. १९२३ साली पुण्यात माधव जूलियन, यशवंत, गिरीश वगैरे मंडळी अशीच रविवारी चहाला जमून एकमेकांच्या कविता वाचायची. त्यांच्यात आणि आमच्यात रविवार आणि चहा एवढंच सारखं आहे.

नियम एकच, तो बाईंनी घातलेला. ज्याचं लिखाण आहे त्यानं प्रिंट काढून आणायच्या, सगळ्यांना पेन्सिल द्यायची, मोठ्यानं वाचायचं आणि मग पंधरा मिनिटं तोंड उघडायचं नाही. कुणी काहीही म्हणो. 'नाही म्हणजे मला तिथं असं म्हणायचं होतं' हे वाक्य बंद. बाई म्हणतात, वाचकाच्या घरी तू जाणारेस का ते सांगायला?

तर मी सात रस्त्याच्या झेरॉक्सवाल्याकडून पाच कॉप्या काढल्या, वरती गेलो, वाचायला सुरुवात केली. पहिलं वाक्य होतं, 'पहाटे जुन्या गिरणीचा भोंगा व्हायचा आणि मी आज्जीच्या कुशीत जागा व्हायचो.' वाचून झालं. कुणी काही बोलेना. मला वाटलं भारावलेत.

काकांनी चष्मा काढला. "तुझा जन्म कितीचा?"

"चौऱ्याहत्तर."

"मग जुन्या गिरणीचा भोंगा तुला कुठनं ऐकू आला बे?"

आता हे मला माहीत नव्हतं असं नाही. ही गिरणी मुरारजी गोकुळदासांनी १८७७ ला काढली, सोलापुरातली पहिली, म्हणून तर ती 'जुनी', आणि ती बंद पडली १९६०च्या दशकातच, माझ्या जन्माच्या कितीतरी आधी. हे मला पाठ आहे, लेखात १८७७ मी लिहिलंही होतं. आणि तरीही भोंगा मला ऐकू येत होता, अगदी कानात. काका म्हणाले, तू ऐकलास तो लक्ष्मी-विष्णूचा असणार, ती नंतर बरीच वर्षं चालू होती, आम्ही त्याच्यावर घड्याळं लावायचो. म्हणजे आवाज खरा होता, फक्त गिरणी दुसरी होती. आजोबांची गिरणी आणि माझा भोंगा मी परस्पर जोडून टाकला होता, आणि आज्जीची कूस वरून लावली होती. आज्जीच्या कुशीत मी कधी झोपलेलो नाही. आज्जी फार कडक बाई होती.

काका तिथंच थांबले नाहीत. तिसऱ्या पानावर मी लिहिलं होतं की संपानं गिरणी गिळली, पुढाऱ्यांची भाषणं झाली, चाळीतल्या चुली विझल्या, पोरं वाईट मार्गाला लागली. काका म्हणाले, "हे मुंबईचं आहे." संप १८ जानेवारी १९८२ ला सुरू झाला, डॉ. दत्ता सामंतांचा, अडीच लाखाच्या आसपास कामगार बाहेर पडले, ते सगळं परळ-लालबागचं. आजोबांची गिरणी त्याच्या जवळपास वीस वर्षं आधी बंद पडलेली. मग हे संपाचं पान माझ्या लेखात आलं कुठनं? तर सिनेमातनं, नाटकातनं, वाचलेल्या लेखांतनं. गिरणी बंद पडली की काय होतं याचं जे एक चित्र महाराष्ट्रभर तयार आहे ते मी उचललं आणि आजोबांच्या गळ्यात घातलं. पंधरा मिनिटांचा नियम नसता तर मी म्हणलो असतो की भावना तर तीच ना. बरं झालं नियम होता.

मग पोरगं बोललं. ते एरवी बोलत नाही. त्यानं दुसऱ्या पानावर बोट ठेवलं, जिथं आजोबा घरी येऊन आज्जीला सांगतात, 'अगं ऐकलंस का, गिरणीला टाळं लागलंय, आता आपलं कसं व्हायचं?'

"सर, तुमचे आजोबा पुण्याचे होते का?"

काका एवढे हसले की चहा सांडला. मी पण हसलो, पण कान गरम झाले होते. कारण मी घरात, गल्लीत, फोनवर दिवसभर 'काय करूलालास बे', 'कुठं चाल्लालास', 'आता येऊलालोय थांब' हेच बोलतो, आणि लिहायला बसलो की कुठनं कोण जाणे सदाशिव पेठ अंगात येते. आजोबांनी आयुष्यात कुणाला 'अगं ऐकलंस का' म्हणलं नसणार. ते आज्जीला हाकच मारायचे नाहीत, खाकरायचे.

दोस्त त्या दिवशी काहीच बोलला नाही. "छान आहे," म्हणाला. छान आहे हा सगळ्यात बेकार शेरा असतो, त्याचं काय करायचं कळत नाही, लग्नात मिळालेल्या भिंतीवरच्या घड्याळासारखं. टाकता पण येत नाही आणि लावता पण.

बाईंनी मात्र प्रिंट परत देताना दुमडून दिली. घरी येऊन उघडली. अख्ख्या लेखात बाईंनी एकाच ठिकाणी पेन्सिल लावली होती. पाचव्या पानावर माझं वाक्य होतं, 'त्या कठीण काळात आज्जीनं संसार सांभाळला.' त्याच्या खाली रेघ आणि समासात एक शब्द.

'कसा?'

खरं सांगतो, आठ दिवस मी फाइल उघडली नाही. रागच आला होता. काकांचा आला कारण ते बरोबर होते, पोरग्याचा आला कारण ते बरोबर आणि वयानं लहान होतं, आणि बाईंचा सगळ्यात जास्त, कारण एवढा मोठा लेख वाचून त्यांना एकच शब्द सुचला. मनात सगळ्यांना उत्तरं देऊन झाली. ललित लेख आहे, इतिहासाचा पेपर नाही. तुम्ही लिहा मग. मध्ये गड्ड्याच्या मैदानाजवळनं जाताना मी गाडीवर मोठ्यानं बोललो पण, शेजारचा रिक्षावाला बघायला लागला.

आठव्या दिवशी दोस्ताचा फोन आला, कारखान्यावर ये जरा. मला वाटलं बिल-बिल काहीतरी टाइप करून पाहिजे असेल. गेलो. आत मागांचा आवाज एवढा की एकमेकांच्या कानात ओरडावं लागतं, आणि रुईचा भुरका सगळीकडं, भुवयांवर सुद्धा. त्यानं मला एका मागासमोर उभं केलं आणि वरती बोट दाखवलं, मग खाली. टॉवेलच्या मागाला दोन बीम, म्हणजे उभा धागा गुंडाळलेले रूळ असतात, हे मी पन्नास वर्षं सोलापुरात राहून बघितलं नव्हतं. एका बीमवरचा उभा धागा ताणून टाइट ठेवलेला, दुसऱ्या बीमवरचा मुद्दाम सैल सोडलेला. आडवे धागे जातात तसे फणी पहिले दोन थोडे लांबच ठेवते, घट्ट ठोकत नाही, तिसरा गेला की तिन्ही एकदम पुढं ठोकते. टाइट धागे जागेवर राहतात आणि सैल धागा तेवढ्या अंतरातनं वर उचलला जातो, त्याचा लूप होतो. टॉवेलवर आपण हात फिरवतो ते मऊ लागतं ते हे लूप. पाणी तेच पितात.

ऑफिसमध्ये येऊन दार लावलं तेव्हा तो म्हणाला, "तुझा लेख मी दोनदा वाचलो. त्यात सगळं टाइट आहे बे. एक बीम आहे नुसता. प्रत्येक वाक्य रडायला लावूलालंय. धोतर होईल त्याचं, टॉवेल कसा होणार?"

"मग त्या दिवशी छान आहे का म्हणलास?"

"सगळ्यांसमोर कुठं सांगायचं. आणि मला काय लिवायचं कळतंय का."

त्याला लिहायचं कळत नाही हे खरंच आहे, व्हॉट्सअपवर सुद्धा तो अंगठाच पाठवतो. पण घरी येऊन लेख त्या नजरेनं वाचला तर प्रत्येक परिच्छेदाचं शेवटचं वाक्य एकाच ठिकाणी येऊन पडत होतं. भोंगा थांबला तो कायमचा. चिमणीचा धूर विरला तो कायमचा. आजोबांच्या डोळ्यांतलं तेज विझलं ते कायमचं. अकरा परिच्छेद, त्यातल्या सातांत 'कायमचं'. मोजलं मी. आजोबा रविवारी पत्त्यात चीटिंग करायचे, शेंगाची चटणी दह्यात कालवली तर ताटावरनं उठायचे, तेलच पाहिजे, हुरड्याच्या दिवसांत शेतावर जाऊन एवढा हुरडा खायचे की दोन दिवस पोट धरून बसायचे, यातलं काहीच नव्हतं. ते सैल होतं म्हणून मी वगळलं होतं, दुःखात बसत नव्हतं ना.

त्या रात्री प्रिंटा पसरून बसलो. बघितलं तर शेरे एकमेकांना छेद देत होते. काकांना आणखी इतिहास पाहिजे होता, मे १९३० चा मार्शल लॉ घाल, १२ जानेवारी १९३१ ला येरवड्यात फाशी गेलेले चार हुतात्मे घाल, मल्लप्पा धनशेट्टी, कुर्बान हुसेन, जगन्नाथ शिंदे, श्रीकिसन सारडा, गिरणगाव म्हणतोस आणि हे नाही? पोरग्याच्या प्रिंटवर होतं की पहिलं पान माहितीचं आहे, उडवा. दोघांचं कसं ऐकणार. बराच वेळ मी टेबल आखल्यासारखं करत बसलो, कुणाचं घ्यायचं, कुणाचं सोडायचं, आणि मग लक्षात आलं की दोघांनी बोट एकाच पानावर ठेवलंय. ते पान लंगडं होतं एवढं दोघांना कळलं होतं, औषध मात्र दोघांनी दोन सांगितलं. पान लंगडं कशानं होतं ते मलाच शोधायचं होतं. ते होतं गाइडमधलं पान. सोलापूरची चादर, सोलापूरची चटणी, सिद्धेश्वराचं तळं, नंदीध्वज, सगळं एका दमात, पाव्हण्याला रिक्षानं फिरवल्यासारखं. माझे आजोबा त्यात उतरतच नव्हते कुठं.

आपल्याच गावचे शाहीर राम जोशी. त्यांची गोष्ट सांगतात की बारामतीच्या मोरोपंतांच्या सांगण्यावरून ते तमाशाकडून कीर्तनाकडे वळले. लहानपणी ही गोष्ट ऐकताना वाटायचं, केवढा मोठा सल्ला आणि केवढा मोठेपणा ऐकणाऱ्याचा. पण आज विचारा, राम जोशींचं काय आठवतं लोकांना? लावण्या. म्हणजे मोरोपंतासारख्या माणसाचा सल्ला सुद्धा... जाऊ दे, मी कोण बोलणार.

राहिला 'कसा?'. त्याला बगल देता येत नव्हती. कारण मला खरंच माहीत नव्हतं. पंचवीस वेळा ऐकलेलं वाक्य होतं ते, आज्जीनं संसार सांभाळला, वडील म्हणायचे, चुलते म्हणायचे, श्रद्धांजलीच्या जाहिरातीत पण तेच छापलेलं. कुणी कधी कसा ते सांगितलं नाही आणि मी विचारलं नाही. आजोबा नंतर यंत्रमागावर लागले हे माहीत होतं, पण मधली दोन-तीन वर्षं?

आत्याकडं गेलो. आत्या जुळे सोलापुरात मुलाकडं असते, सत्तरीच्या पुढं, गुडघे गेलेत पण जीभ शाबूत. मी म्हणलो, "आत्या, गिरणी बंद झाल्यावर आज्जीनं घर कसं चालवलं?"

"कसं म्हणजे? विड्या वळून."

एवढ्या सहज म्हणाली की मला वाटलं मला हे माहीत असायला पाहिजे होतं. आमच्या घरात विड्या? सोलापुरात हजारो बायका विड्या वळतात, कुंभारीला विडी कामगार बायकांसाठी १० हजार घरांची वसाहत झाली, गोदूताई परुळेकरांच्या नावाची, हे सगळं पेपरात वाचलेलं, पण ते 'त्यांचं', साखर पेठेतल्या तेलुगू बायकांचं, असं डोक्यात. आणि आज्जी तिथंच तर राहायची, साखर पेठेत. शेजारच्या पद्मशाली बाईकडनं शिकली. आत्या सांगत गेली आणि मी फोनवर रेकॉर्डिंग लावायचं विसरलो, नंतर झेरॉक्सच्या मागच्या कोऱ्या बाजूवर लिहून घेतलं. बाईंच्या 'कसा?' ची ती मागची बाजू होती.

तेंदूची पानं विडी कारखान्याच्या ब्रँचमधनं वजनावर मिळायची, तंबाखू पण. पानं रात्री भिजवायची, मग ओल्या गोणपाटात गुंडाळून ठेवायची, सकाळी ती चामड्यासारखी मऊ होतात. मग पत्र्याचा एक चौकोनी तुकडा, नापाचा, तो पानावर ठेवायचा आणि कडेनं कात्री फिरवायची, जाड शीर येता कामा नये. मांडीवर सूप. कापलेलं पान घ्यायचं, चिमटीत तंबाखू, एका टोकाला कमी एका टोकाला जास्त, अंगठ्यानं वळत न्यायचं, दोऱ्याचे वेढे, तोंड दुमडायचं. पंचविसाचा एक कट्टा, असे चाळीस कट्टे झाले की हजार. हजारावर पैसे. तोंडं दुमडायचं काम आत्याचं, शाळेत जायच्या आधी, वय वर्ष दहा. बारीक बोटांना ते पटपट जमतं म्हणे. तिच्या उजव्या अंगठ्याचं नख अजून एका बाजूनं जाड आहे, मला दाखवलं. पन्नास वर्षं मी त्या हातचं खात आलोय, नख कधी बघितलं नाही.

"आणि वास," आत्या म्हणाली. "भाकरीला तंबाखूचा वास. तुझा बाप नाक मुरडायचा. आई एक द्यायची पाठीत."

संध्याकाळी टोपली घेऊन ब्रँचला जायचं, रांगेत बसायचं. तिथं एक माणूस कट्टा हातात घेणार, दाबून बघणार, सोडून बघणार, आणि पाहिजे तेवढ्या विड्या बाजूला फेकणार. त्याला छाट म्हणायचे. छाट झालेल्या विड्यांचे पैसे नाहीत आणि विड्या पण परत नाहीत. पुढं १९६६ साली विडी-सिगार कामगारांचा कायदा आला. आत्याच्या आठवणीतल्या त्या रांगेत मात्र तो माणूस होता आणि टोपली होती, बाकी काही नाही. आज्जी एकदा त्याला म्हणाली होती, यातली कुठली वाईट आहे ती मला दाखव, मी सुधारते. तो म्हणाला, दाखवायला वेळ कुठाय.

मी आत्याला माझ्या लेखाचं सांगितलं, काकांचं, पोरग्याचं, 'कायमचं'चं. ती हसली. "म्हणजे तुझ्या मित्रांनी छाट काढली म्हण की."

"हो, बरीच."

"पण परत दिली ना तुला?"

लेख दुसऱ्यांदा लिहायला तीन आठवडे लागले. आधीच्या तीन रात्रींतलं फार थोडं राहिलं. भोंगा ठेवला, पण लक्ष्मी-विष्णूचा, आणि मी तो आजोबांचा समजत होतो हे पण लिहिलं. संपाचं पान फाडलं. चार हुतात्मे घातले नाहीत, काका अजून नाराज आहेत. काकांचं म्हणणं चूक नाही, पण त्यांची नावं शोभेला आणून लावायची हे मला बरं वाटेना, त्यांच्यावर लिहायचं तर वेगळं बसून लिहायला पाहिजे. आजोबांचा संवाद काढला आणि खाकरणं घातलं. हे सगळ्यांना आवडलं. चटणीचा परिच्छेद दुसऱ्या वाचनात तिघांनी उडवायला सांगितला, दोस्त सोडून, तो मी ठेवला. अजून खात्री नाही. कधीकधी वाटतं मी तो फक्त तिघांना 'नाही' म्हणता यावं म्हणून ठेवला.

आज्जीची भाषा हा मोठा वांधा झाला. पोरग्याच्या शेऱ्यामुळं मी एवढा चार्ज झालो होतो की दुसऱ्या खर्ड्यात सगळ्यांच्या तोंडी 'करूलालाव', 'बे', 'लई' असं ठासून भरलं. वाचताना माझंच मला नाटकातल्या गावरान पात्रासारखं वाटायला लागलं. बाई म्हणाल्या, आता तुम्ही सोलापूर विकूलालाव. मोठ्यानं वाचायचा हा एक फायदा, की जिथं जीभ अडखळते तिथं खोट असते, डोळे फसतात, जीभ नाही फसत. माझी तरी नाही. मग आज्जीची वाक्यंच कमी केली. ती बोलायचीच कमी. तिच्या वाट्याला शेवटी एक वाक्य राहिलं, ब्रँचमधलं.

आणि पाचव्या पानावरचं ते वाक्य, आज्जीनं संसार सांभाळला, ते गेलं. त्या जागी दोन पानं आली. पानं भिजवण्यापासून छाटीपर्यंत. लिहिताना मजा आली हे कबूल केलं पाहिजे, असं काही सापडलं की लिहिणाऱ्याला आनंदच होतो, मग ते कुणाच्या का कष्टाचं असेना. बाईंना दिलं तर त्यांनी यावेळी पेन्सिल लावलीच नाही. मला ते पण आवडलं नाही, सवय लागते.

लेख पाठवला. गणपती होऊन गेले होते, अंकवाल्यानं दोनदा फोन केला होता, पण घेतला त्यानं. दिवाळीत अंक आला. भाऊबिजेला आत्याकडं घेऊन गेलो, म्हणलं आता वाचूनच दाखवू. तिला चष्मा लागत नाही म्हणते पण वाचत नाही. ओवाळून झालं, चिवडा-चकली पुढं, सूनबाई आतबाहेर, मी वाचत होतो. भोंग्याला ती काही बोलली नाही. आजोबा खाकरले तिथं हसली. चटणीला म्हणाली, "हां, दही चालायचं नाही," आणि मी मनात तिघांना म्हणलो, बघा.

मग विड्यांचं पान आलं. मी जरा हळू केलं. 'डाव्या हातानं पत्रा दाबून धरायचा आणि उजव्या हातातली कात्री पानाच्या कडेनं फिरवायची...'

"उजव्या नाही."

"काय?"

"आई डावरी होती की. कात्री डाव्या हातात. म्हणून तर तिला कडेला बसवायचे, शेजारणीचं कोपर लागायचं."

मी तिच्याकडं बघत राहिलो. "मग सांगितलं नाहीस त्या दिवशी."

"तू विचारलास कुठं." तिनं चकली मोडली. "वाच की पुढं."